डिजिटल पुराव्याचे जतन

संगणक, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारे यंत्र) यांतली माहिती सापडली तशीच न्यायालयापर्यंत नेण्याची पद्धत. भारतात १ जुलै २०२४ पासून तिला भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्याआधी १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ६५ब होते.

पुरावा बिघडतो तो बहुधा जप्तीच्या पहिल्या काही मिनिटांत. बंद संगणक सुरू करू नये. विंडोज नुसती चालू झाली तरी लॉग (घडामोडींच्या नोंदी), रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) आणि फायलींच्या वेळा बदलतात, आणि जप्तीनंतर मशीनला हात कोणी लावला, या उलटतपासणीतल्या प्रश्नाला उत्तर राहत नाही. चालू संगणकाचे उलटे: आधी स्क्रीनचा फोटो, मग रॅम, म्हणजे वीज गेली की पुसली जाणारी तात्पुरती स्मृती, उतरवून घेणे. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे सांकेतिक कुलूप, असेल तर तिची किल्ली रॅममध्ये असते. प्लग ओढला की ती गेली.

मूळ डिस्क राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारे उपकरण) लावूनच जोडतात आणि तिची बिट-बिट प्रत, म्हणजे इमेज, काढतात. साध्या कॉपी-पेस्टमध्ये पुसलेल्या फायलींचे अवशेष येत नाहीत. सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबीला पावणेतीन तास लागतात. पडताळणीचा वेळ वेगळा. मूळ आणि इमेज यांचे हॅश मूल्य, म्हणजे माहितीवरून गणिताने काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा, तंतोतंत जुळले पाहिजे. एसएचए-२५६ या हॅश पद्धतीचे मूल्य ६४ अक्षरांचे असते. एमडी५ या जुन्या पद्धतीवर एकट्याने विसंबू नये, कारण तेच मूल्य देणाऱ्या दोन वेगळ्या फायली मुद्दाम बनवता येतात. मूल्य पंचांसमोर काढून पंचनाम्यातच लिहावे. महिन्याने प्रयोगशाळेत काढलेले मूल्य मधल्या महिन्याची हमी देत नाही.

एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) मात्र फसवते. वीज मिळताच तिचा कंट्रोलर पुसलेले ब्लॉक स्वतःच रिकामे करू लागतो आणि राइट ब्लॉकर त्याला अडवू शकत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी हॅश बदलू शकतो. हे कारण अहवालात आधीच नोंदवावे, नाहीतर बचाव पक्ष छेडछाडीचा आरोप करणार.

डीव्हीआरचे घड्याळ हमखास चुकीचे असते. त्यावर १०:४२ आणि प्रत्यक्षात १०:२९ वाजले असतील, तर ‘१३ मिनिटे पुढे’ असे पंचनाम्यात हवे.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्याने मागितलेले प्रमाणपत्र सक्तीचे आहे का, हा वाद मिटला तो जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून. उमेदवारी अर्ज मुदतीत आला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर ठरायचे होते. त्या उमेदवाराच्या, म्हणजे अर्जुन खोतकर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले, की मूळ उपकरण मालकाने स्वतः साक्षीत हजर केले नाही तर प्रमाणपत्र हवेच. ज्याच्या ताब्यात यंत्रणा आहे तो ते देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करावा. प्रमाणपत्राच्या आताच्या नमुन्यात अ भाग पुरावा देणारा भरतो, ब भाग तज्ज्ञ. हॅश दोन्हींत लिहावा लागतो.