शिक्षा झालेल्या माणसाचे मत: यादीत नाव कसे टिकवायचे, गेले असेल तर कसे परत आणायचे

एकदा जेलमध्ये जाऊन आला की मतदार यादीतून नाव उडते, असा समज सोलापुरात पेठांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत पक्का बसलेला आहे. कायद्यात असे कुठेही नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चे कलम ६२(५) एवढेच सांगते की, जो तुरुंगात बंद आहे किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याला त्या काळात मत देता येत नाही. गुन्हा कोणता, शिक्षा किती वर्षांची, याच्याशी त्या कलमाला देणेघेणे नाही. म्हणून सुटून आलेल्याला हक्क ‘परत मिळवण्यासाठी’ कोर्टाचा, कलेक्टरचा, कोणाचाच आदेश लागत नाही (अपवाद निवडणुकीच्याच गुन्ह्यांचा, तो पुढे येतो). तसा आदेश आणून देतो म्हणून पैसे मागणारा कोणी भेटलाच, तर तो फसवतो आहे हे समजून घ्यावे.

यातून एक विचित्र गोष्ट मात्र होते. खुनाच्या खटल्यात जन्मठेप लागलेला, पण अपिलात जामिनावर बाहेर असलेला माणूस रांगेत उभा राहून मत देतो. मोबाईल चोरीच्या संशयावरून आत असलेला, जामीनदार मिळत नाही म्हणून जिल्हा कारागृहात पडून राहिलेला कच्चा कैदी मात्र देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अनुकूलचंद्र प्रधान खटल्यात हे कलम वैध ठरवले. त्यात बंदोबस्ताचा ताण आणि गुन्हेगारीला निवडणुकीपासून लांब ठेवणे ही कारणे आली. दोष सिद्ध झालेल्यांपुरती ती पटतीलही, पण ज्याचा खटला अजून उभाच राहिलेला नाही त्याच्या बाबतीत लंगडी पडतात. कायदा आज असाच आहे, आणि अर्ज करणाऱ्याला तो धरूनच चालावे लागते.

नाव आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी

२०१३ मध्ये संसदेने कलम ६२ मध्ये एक परंतुक जोडले: आत असल्यामुळे मत देता येत नसले, तरी त्या कारणाने माणूस ‘मतदार’ असण्याचे थांबत नाही. हे परंतुक आले ते तुरुंगातून निवडणूक लढवता यावी म्हणून. २०२४ मध्ये इंजिनिअर रशीद तिहार तुरुंगात असताना बारामुल्लातून लोकसभेवर निवडून आले, ते याच तरतुदीच्या बळावर. स्वतःचे मत मात्र त्यांना टाकता आले नाही. सामान्य कैद्याच्या घरच्यांसाठी या परंतुकाचा उपयोग वेगळा आहे. ‘तो जेलमध्ये आहे’ हे नाव वगळण्याचे कारण होऊ शकत नाही, हे सांगायला ते हाताशी असते.

नाव कुठे असावे, यावरही गोंधळ असतो. सोलापूरचा माणूस शिक्षा भोगायला येरवड्याला गेला, म्हणून त्याचे नाव पुण्याच्या यादीत जात नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २० नुसार केवळ तुरुंगात ठेवल्याने तिथला रहिवास धरला जात नाही. घरचा पत्ता तोच राहतो.

स्थानबद्ध, तडीपार आणि निवडणुकीचेच गुन्हे

एमपीडीएखाली (हातभट्टीवाले, झोपडपट्टीदादा वगैरेंना खटल्याविना अटकेत ठेवण्याचा राज्याचा कायदा) स्थानबद्ध केलेल्याला कलम ६२(५) ची बंदी लागू नाही, कारण ती प्रतिबंधात्मक कारवाई आहे. त्याला टपाली मतपत्रिका मिळते. निवडणूक जाहीर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी कळवायचे: नाव, पत्ता, यादीतील भाग क्रमांक व अनुक्रमांक, आणि कुठे स्थानबद्ध आहे ते. हे काम घरच्यांनी कारागृह अधीक्षकांमार्फत करून घ्यावे. १५ दिवस बघता बघता जातात आणि भाग क्रमांक माहीत नसल्याने अर्ज अडून राहतो.

तडीपार माणूस कोठडीत नसतो, त्याचे मत शाबूत असते. अडचण एवढीच की मतदान केंद्र हद्दीच्या आत आणि तो बाहेर. तात्पुरत्या प्रवेशाची लेखी परवानगी हातात नसताना मतदानाला आला, तर त्याच्यावर नवा गुन्हा दाखल होतो. तोंडी ‘ये, दोन तासात जा’ यावर विसंबू नये.

मत खरोखर जाते ते निवडणुकीच्याच गुन्ह्यांत. मतासाठी लाच, तोतया मतदान, गैरवाजवी दबाव (जुन्या दंड संहितेची कलमे १७१-ई व १७१-एफ, भारतीय न्याय संहितेत १७३ व १७४) किंवा निवडणुकीत जातीधर्मात तेढ पसरवणे यांत शिक्षा झाली, तर १९५१ च्याच अधिनियमाच्या कलम ११-क नुसार शिक्षेच्या दिवसापासून ६ वर्षे मतदान बंद आणि यादीतूनही नाव कमी. ही अपात्रता काढण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला कलम ११-ख खाली आहे. अर्ज सकारण करावा लागतो.

नाव कसे उडते

फॉर्म ७ समोर धरला की सगळा घोळ दिसतो. नाव वगळण्याच्या कारणांच्या चौकटी त्यावर छापलेल्या आहेत: मृत्यू, वय कमी, गैरहजर किंवा कायमचे स्थलांतर, दुसरीकडे नाव, नागरिक नसणे. ‘तुरुंगात’ अशी चौकटच नाही. बीएलओ (यादीच्या एका भागाचे काम पाहणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) दारावर येतो, शेजारी म्हणतो “दोन वर्षं झाली, इथं नाही”, आणि खूण पडते गैरहजर किंवा स्थलांतराच्या चौकटीत. खोटे कोणी बोललेले नसते, तरी नाव जाते.

वगळण्याआधी मतदार नोंदणी अधिकाऱ्याने नोटीस देऊन म्हणणे ऐकायचे असते. ही नोटीस घरच्या पत्त्यावर येते आणि बहुतेक घरांत ती केसचाच आणखी एक कागद समजून पिशवीत टाकली जाते. तसे करू नये. घरच्या माणसाने साध्या कागदावर उत्तर द्यावे: ‘मतदार कारागृहात असल्याने तात्पुरता गैरहजर आहे, कायमचे स्थलांतर केलेले नाही’. सोबत कोर्टाच्या आदेशाची किंवा कारागृहाच्या दाखल्याची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. कलम २० मध्येच तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास मोडत नाही असे म्हटले आहे, त्याचा उल्लेख करावा.

सुटून आल्यावर

आधी नाव शोधा, फॉर्म नंतर. नावाने शोधले तर सोलापुरात हमखास फसायला होते. तेलुगू घरातला वेंकटेश यादीत व्यंकटेश असतो, आधारवर तिसरेच स्पेलिंग आणि दोषारोपपत्रात चौथे. मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकून शोधा. कार्ड सापडत नसेल, तर घरातल्या दुसऱ्या मतदाराचा भाग क्रमांक घेऊन त्या भागाची यादी डोळ्यांखालून घाला. मदतीचा क्रमांक १९५०.

नाव असेल आणि पत्ता तोच असेल तर काहीच करायचे नाही. पत्ता बदलला असेल, समजा साखर पेठेतून विडी घरकुलात राहायला गेलात, तर फॉर्म ८. मतदारसंघ बदलला तरी हाच. कार्ड हरवले असेल तरी फॉर्म ८, हरवल्याच्या पोलीस नोंदीसह.

नाव नसेल तर फॉर्म ६. त्यावर ‘नवीन मतदार’ छापलेले पाहून अनेकजण माघारी फिरतात. वगळलेले नाव पुन्हा घालायलाही तोच लागतो. त्यात गुन्हा, शिक्षा, खटला याबद्दल एकही रकाना नाही, तेव्हा आपणहून काही लिहू नका आणि सुटकेचा कागदही जोडू नका. जोडलात तर टेबलावरचा माणूस विनाकारण विचारात पडतो आणि अर्ज ‘वरिष्ठांना विचारून’ या गठ्ठ्यात जातो. लागते ते एवढे:

– पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा पासपोर्ट आकाराचा रंगीत फोटो.
– वयाचा पुरावा: आधार, पॅन, जन्मदाखला, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक.
– पत्त्याचा पुरावा: आधार, चालू बँक किंवा पोस्टाचे पासबुक, किमान वर्षभराचे वीज, पाणी अथवा गॅसचे बिल, नोंदणीकृत भाडेकरार, खरेदीखत किंवा जमिनीचा महसुली उतारा.

लाइट बिल आईच्या किंवा बायकोच्या नावावर असले तरी चालते, मात्र तिचे नाव त्याच पत्त्यावर यादीत हवे. घरच्यांनी दार बंद केले आणि माणूस रस्त्यावर आला, तरी नोंदणी होते: फॉर्ममध्ये झोपण्याची जागा लिहायची, बीएलओ रात्री तिथे जाऊन खात्री करतो, कागद मागत नाही. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

फॉर्म बीएलओकडे, तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत किंवा आयोगाच्या पोर्टलवर द्यावा. शहर एका मतदारसंघात नाही: २४८ शहर उत्तर, २४९ शहर मध्य आणि काही भाग २५१ दक्षिण. चुकीच्या मतदारसंघात दिलेला अर्ज फिरत बसतो. अर्ज आल्यावर आक्षेपांसाठी ७ दिवस ठेवतात, आणि उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. म्हणून त्या तारखेच्या आधी निदान दहा-बारा दिवस अर्ज पडलेला हवा. महापालिकेची यादी वेगळी बनत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादीच प्रभागांत फोडतात. नाव तिथे नसेल तर वॉर्ड ऑफिसात भांडून उपयोग नाही.

अर्ज नाकारला तर लेखी आदेश मागा. १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झाले तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे.

मतदानाच्या दिवशी एखादा पोलिंग एजंट “हा सजा झालेला आहे” म्हणून हरकत घेऊ पाहतो. त्याला २ रुपये भरून आक्षेप घेता येतो तो फक्त ओळखीवर, म्हणजे हा तोच माणूस आहे की नाही यावर. शिक्षेबद्दल बोलण्याची ती जागाच नव्हे.

उभे राहायचे असेल तर हिशेब वेगळा

आमदारकी-खासदारकीसाठी २ वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की शिक्षेच्या दिवसापासून सुटकेनंतर ६ वर्षांपर्यंत अपात्रता. काही ठराविक गुन्ह्यांत नुसता दंड झाला तरी ६ वर्षे. लोकांना धक्का बसतो तो ग्रामपंचायतीला. १९५९ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ म्हणते, किमान ६ महिने कैद झाली असेल तर सुटकेपासून ५ वर्षे थांबायचे. आणि दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरले असेल तर कैदेची अटच नाही, शिक्षेच्या दिवसापासून ५ वर्षे. हातभट्टीच्या केसमध्ये तारखा नकोत म्हणून गुन्हा कबूल करून दंड भरला, कोर्टातून पावती घेऊन घरी आला, विसरूनही गेला. ती कबुली म्हणजे दोषसिद्धीच असते, आणि सरपंचपदाच्या वेळी विरोधक तीच प्रत काढून आणतो. त्याच्या आधी आपण काढावी: कोर्टाच्या नक्कल विभागात केस नंबर देऊन निकालाची प्रमाणित प्रत मागायची, त्यावरची तारीख बघून बोटांवर पाच वर्षे मोजायची, आणि मगच डिपॉझिट भरायला जायचे.