दिव्यांग कार्डाची मुदत संपत आली? आधी वैधतेची ओळ वाचा, मग सिव्हिलचा रस्ता धरा

पोळ्याच्या चार दिवस आधी आमच्या सेवा केंद्रावर एक भाऊ आला. लहानपणी पोलिओनं उजवा पाय गेलेला, स्कूटरला मागून दोन जादा चाकं जोडलेली. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यासमोर दिव्यांगांच्या जागेत गाडी लावली, तर तिथल्या माणसानं हटकलं, "पार्किंगचा पास दाखवा." यानं कार्ड दाखवलं तर तो म्हणे, हे चालत नाही. मग हा चाळीस किलोमीटर परत आला आणि मला म्हणाला, "सर, तो पास काढून द्या ना बाप्पा, काय लागन ते घ्या."

मी काय काढून देणार! दिव्यांगांसाठी देशभर चालणारा वेगळा पार्किंग परवाना आपल्याकडे नाहीच. त्याचा अर्ज नाही, म्हणून त्याचं नूतनीकरणही नाही. दुकानात खुर्चीच्या चित्राचं स्टिकर मिळतं, ते खुशाल लावा, लोक ओळखतात. पण त्यानं कायद्यानं काही मिळत नाही. जागेचा हक्क येतो तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधून. त्याच्या कलम ४१ मध्ये बसस्थानक, रेल्वेस्टेशन इथल्या सोयींत पार्किंगच्या जागेचा उल्लेख आहे. सार्वजनिक इमारतींसाठीच्या केंद्राच्या मानकांप्रमाणे ही जागा ३.६ मीटर रुंद आणि दारापासून ३० मीटरच्या आत हवी. आपल्या तालुक्याच्या कचेरीसमोर त्या जागेत कोणाची बोलेरो उभी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हटकलं तर दाखवायचे कागद दोन: दिव्यांगाचं यूडीआयडी (युनिक डिसेबिलिटी आयडी) कार्ड आणि गाडीची आरसी, म्हणजे नोंदणीपुस्तक. साइड व्हील लावलेली गाडी आरटीओत 'अडाप्टेड व्हेइकल' म्हणून नोंदवून घ्या. जुन्या आरसीवर तिलाच 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत. नुसतं गॅरेजवाल्याकडून चाकं बसवून घेतली आणि नोंद केली नाही, तर पार्किंगचं सोडा, अपघात झाल्यावर विमा कंपनी बोट दाखवते. २०२० पासून नोंदणीच्या अर्जात मालकीच्या रकान्यात 'दिव्यांगजन' असाही पर्याय आहे, नवी गाडी घेताना तो भरायला शोरूमवाल्याला सांगा. दिव्यांगासाठी खास बनवलेल्या चारचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोलमाफी आहे, तिथंही आरसीवरची नोंदच बघतात. लायसन्सचं मात्र खरंखुरं नूतनीकरण असतं. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून करता येतं. संपून वर्ष उलटलं तर परत चाचणी द्यावी लागते. वय चाळीसच्या पुढं असेल तर डॉक्टरचा तब्येतीचा दाखला, म्हणजे फॉर्म १-अ, सोबत लागतो.

पार्किंगचा विषय इथं संपला. खरी धावपळ असते ती कार्डाची.

यूडीआयडी म्हणजे अठरा अंक-अक्षरांचा क्रमांक असलेलं, केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरून निघणारं कार्ड. त्याआधी आपल्याकडे राज्याच्या एसएडीएम या संगणक प्रणालीची प्रमाणपत्रं होती, आणि त्याच्याही आधीचे सिव्हिल सर्जनच्या सहीचे हातानं लिहिलेले कागद अजून कित्येकांच्या ट्रंकेत घडी घालून आहेत. जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त पोर्टलवरूनच निघतं. तुमच्याकडे हाताचा कागद असेल तर तुमचं काम नूतनीकरणाचं नाही, नव्या नोंदणीचं आहे. हा जुना कागद त्या अर्जाला जोडायचा, फेकायचा नाही.

कार्ड असेल तर त्यावर वैधतेची ओळ शोधा. तिथं कायमस्वरूपी असं असेल तर तुम्हाला डॉक्टरपुढं पुन्हा उभं राहायची गरज नाही. हे मी एवढं ठासून सांगतो, कारण दरवर्षी कोणीतरी अफवा सोडतो की सगळ्यांची कार्डं बाद झाली, नवं काढा, आणि दोन्ही पायांनी अधू माणसं ऑटो करून येतात. कायमस्वरूपी कार्डवाल्याची कामं तेवढीच: पत्ता, फोटो, नाव, मोबाइल बदलणं, किंवा कार्ड हरवलं तर दुसरं मागणं. ही दोन्ही कामं पोर्टलवर होतात. कार्ड पोस्टानं यायला वेळ लागतो, तोवर ई-कार्ड पोर्टलवरून किंवा डिजिलॉकरमधून उतरवून छापून घ्या.

ओळीत तारीख असेल तर प्रमाणपत्र तात्पुरतं आहे. नियम असा की दिव्यांगत्वात पुढं फरक पडायची शक्यता नसेल तर डॉक्टरांनी कायमचं द्यायचं, शक्यता असेल तर मुदत घालून द्यायचं. अर्धांगवायू नुकताच झालेला, अपघातात हाड मोडून वाकडं जुळलेलं, मानसिक आजाराचे उपचार सुरू असलेले, अशांना सहसा मुदतीचं मिळतं.

लहान मुलांचं प्रकरण वेगळं आहे आणि पालकांना ते कोणी समजावून सांगत नाही. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तात्पुरतंच मिळतं. पुढं ५, १० आणि १८ या वयांना ते नव्यानं करून घ्यायचं असतं. अठराव्या वर्षी झालेली तपासणी आयुष्यभर चालते. वाचन-लेखनाची अडचण, म्हणजे शाळेत ज्याला एलडी म्हणतात, त्यात १४ आणि १८ हे टप्पे. म्हणजे मूल दहावीच्या वाटेला लागतं तेव्हाच कागद शिळा झालेला असतो, आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक हवा तर ताजा कागद लागतो. फॉर्म भरायच्या महिन्यात तपासणीला पळू नका, आठवीतच करून घ्या.

पूर्व विदर्भात, आणि इकडं आमच्या कोलाम-गोंड पाड्यांवरही, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पुष्कळ लोक येतात. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. पण घोळ होतो तो 'एएस' आणि 'एसएस'चा. एएस म्हणजे वाहक, त्याला आजार नाही म्हणून प्रमाणपत्रही नाही. एसएस म्हणजे रुग्ण. गावच्या शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी दोघांचीही पॉझिटिव्ह येते, तेव्हा त्या चिठ्ठीवर निघू नका. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ततपासणीचा रिपोर्ट हवा, एएस की एसएस ते त्यातच कळतं. नूतनीकरणाला जाताना मधल्या काळात रक्त किती वेळा चढवलं, भरती किती वेळा झालो, त्याचे कागद सगळे न्या. टक्केवारी त्यावर ठरते, तुमच्या तोंडी सांगण्यावर नाही.

आता अर्ज. मुदत संपायच्या किमान तीन-चार महिने आधी सुरू करा. हा माझा अंदाज नाही: २०२४ च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र द्यायला आधीच्या एक महिन्याऐवजी तीन महिने दिले आहेत. मुदत संपल्यावर जाणाऱ्याची गंमत अशी होते की नूतनीकरणासाठी सिव्हिलला जायच्या एसटीतही कंडक्टर पूर्ण तिकीट फाडतो, कारण सवलत मागायला चालू कार्डच नसतं.

पोर्टलवर यूडीआयडी क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की ओटीपी येतो, आणि आत नूतनीकरणाचा पर्याय असतो. बरेच जण इथंच अडकतात. ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो? पहिल्यांदा अर्ज भरणाऱ्या ऑपरेटरनं घाईत स्वतःचा नंबर टाकलेला असतो, आणि तो पोरगा आता पुण्यात कंपनीत. मीही सुरुवातीला हे पाप केलं आहे, कबूल करतो. ज्याच्या घरी फोनच नाही त्याचं काय करायचं, असं वाटायचं. तर आधी मोबाइल बदलून घ्या, नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या जो दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार नाही.

दुसरा अडसर नावाचा. कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. किंवा कार्डावर 'देवराव', आधारवर 'देवरावजी'. पोर्टलला हा माणूस दुसराच वाटतो. आधी आधार बरोबर करा, मग कार्डातली माहिती आधारप्रमाणे करून घ्या, मग नूतनीकरण. हा क्रम उलटा केला की तीन चकरा वाढतात.

कागद फार नाहीत: आधार, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो, सही किंवा अंगठा, जुनं प्रमाणपत्र वा कार्ड, आणि उपचाराचे कागद. अर्जाला सरकारी फी नाही. केंद्रवाला स्कॅनिंग-छपाईचे पैसे घेईल, ते समजण्यासारखं आहे. 'टक्के वाढवून देतो' म्हणून कोणी हजारात बोलला तर उठून चालू लागा. खोट्या कागदावर फायदा घेतल्यास कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते लागतं कार्डवाल्याला.

अर्जाची पावती घेऊन तपासणीला जायचं. प्रत्येक दवाखान्यात दिव्यांग बोर्डाचा वार ठरलेला असतो, हाडांचे एका दिवशी, कान-डोळे दुसऱ्या दिवशी, असंही असतं. निघण्याआधी फोन करा, किंवा आशाताईला विचारा, त्यांना बहुतेक माहीत असतं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात, धारणीहून अमरावतीचं इर्विन, म्हणजे तिथलं सिव्हिल, दीडशेच्या आसपास. एवढ्या दुरून जाऊन 'डॉक्टर रजेवर' ऐकणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. नियमानं एक सूट आहे जी फार कमी लोक वापरतात: राहत्या जिल्ह्यातल्याच दवाखान्यात गेलं पाहिजे असं नाही. तुमचा उपचार ज्या सरकारी दवाखान्यात चालू आहे किंवा झाला आहे, तिथंही अर्ज करता येतो. नागपूरच्या मेडिकलमध्ये किंवा मेयोत ऑपरेशन झालं असेल, कागद तिथंच असतील, तर अर्जात तोच दवाखाना निवडा.

अर्ज भरून तपासणीला गेलाच नाहीत तर तो दोन वर्षांनी निकामी होतो, मग पुन्हा पहिल्यापासून. कापूस वेचणीच्या हंगामात अर्ज करून विसरणारे खूप आहेत.

कार्डावर काय काय टांगलेलं आहे तेही बघा. एसटीत ७५ टक्के सवलत, दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसाला निम्मं तिकीट. संजय गांधी निराधारचे पैसे, जे दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना दीड हजाराचे अडीच हजार झाले. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी, जो मागितल्याशिवाय क्वचितच मिळतो. रेल्वेचं सवलत कार्ड मात्र वेगळं, त्याची मुदतही वेगळी. यूडीआयडी चालू आहे म्हणून रेल्वेचं चालू आहे असं नसतं. ते रेल्वेच्या विभागीय कार्यालयाकडून होतं, आणि आपला विभाग ओळखणं हेच एक काम आहे: अकोला, बडनेरा भुसावळ विभागात, वाशीम नांदेडमध्ये, वर्धा मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात, गोंदियाही नागपूर विभागातच, पण तो विभाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा.

नव्या कार्डाचा रंग बदललेला दिसला तर घाबरू नका. ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० च्या मध्ये पिवळा, ८० व त्यावर निळा. घाबरण्यासारखी गोष्ट एकच: फेरतपासणीत टक्के ४० च्या खाली येणं, कारण बहुतेक योजनांचं दार तिथं बंद होतं. मागच्या वर्षी एका बाईंचे ४५ चे ३५ झाले. गुडघा तसाच, फक्त या वेळी जुना एक्स-रे घरी राहिला होता. बाई रडून घरी बसल्या, आमच्याकडे आल्या त्या चार महिन्यांनी. निर्णय पटला नाही तर अपिलाची सोय कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे, पण मुदत ९० दिवसांची. नकार असेल तर तो कारणासह लेखी मागा, आणि नव्वद दिवस मोजा ते निर्णयाच्या तारखेपासून, पोस्टमननं लिफाफा हातात दिला त्या तारखेपासून नाही.