टाकी मोठी पाहिजे की दुसरी?

"एक्स्ट्रा टाकी बसवायची आहे," असं मी नागपूरजवळच्या वाडीच्या एका गॅरेजात म्हटलं. मिस्त्रींनी पाना खाली ठेवून विचारलं, "मोठी पाह्यजे का दुसरी पाह्यजे, भाऊ?" मला तोवर हा प्रश्नच पडला नव्हता. फोर बाय फोरवाले, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्या चालवणारे आपण सगळे दोन्हींना 'एक्स्ट्रा टाकी'च म्हणतो. फरक मात्र पैसे मोजून झाल्यावर कळतो.

मोठी टाकी म्हणजे लाँग रेंज. कंपनीची टाकी उतरवायची आणि तिच्या जागी जास्त लिटरची चढवायची. दुसरी म्हणजे ऑक्झिलरी. मूळ टाकीला हात लावायचा नाही, चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, मोकळी जागा शोधून वेगळी बसवायची. ऑस्ट्रेलियात टोयोटाच्या लँड क्रूझर २०० मध्ये कंपनीच ९३ लिटरच्या मुख्य टाकीसोबत ४५ लिटरची दुसरी देत असे. तिथल्या लँड क्रूझर ट्रूप कॅरियरला तर ९०-९० लिटरच्या दोन.

मोठ्या टाकीचं प्रकरण तसं सरळ आहे. डिझेल एकाच ठिकाणी, पाइप तेच, इंजिनाला काही कळतही नाही. डिझेल किती उरलं ते दाखवणाऱ्या काट्याचा टाकीतला तरफा तेवढा नव्या खोलीला जुळवावा लागतो, नाहीतर काटा पाव दाखवतो आणि गाडी बंद पडते. आत आडव्या पट्ट्या हव्यात, त्या नसतील तर घाटात डिझेल हिंदकळतं. तोटा एवढाच, की पंपावर पाणीमिश्रित डिझेल मिळालं तर सगळीच टाकी नासली.

दुसऱ्या टाकीत निदान एक साठा चांगला राहतो. पण खरी गुंतागुंत इथेच आहे, आणि ती मिस्त्रींनी फरशीवर खडूने काढून दाखवली. दोन चौकोन, मध्ये इंजिन. एक रेघ टाकीतून इंजिनाकडे. मग दुसरी रेघ, इंजिनातून परत. "ही रिटर्न लाइन. लोक हिलेच विसरतात." डिझेल इंजिन ओढलेलं सगळं जाळत नाही, उरलेलं टाकीत परत पाठवतं. कुठल्या टाकीतून ओढायचं ते ठरवणारा व्हॉल्व फिरवून दुसऱ्या टाकीतून ओढायला लागलात आणि रिटर्न पहिल्याच टाकीत राहिली, तर दुसरी रिकामी होते आणि पहिली भरून वाहायला लागते. म्हणून व्हॉल्व असा हवा, की तो जाणारी आणि येणारी, दोन्ही लाइन एकदम बदलेल.

याहून साधा उपाय म्हणजे ट्रान्सफर पंप. इंजिन कायम मूळ टाकीवरच चालतं. ती अर्ध्यावर आली की डॅशबोर्डवरचं बटण दाबायचं, दुसरीतलं डिझेल पहिलीत येतं. बटण बंद करायला विसरलात तर डिझेल ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवा जायच्या नळीतून, रस्त्यावर. मी विसराळू आहे, त्यामुळे टायमर नसलेला पंप मला तरी नको.

टाकी कुठलीही असो, नागपूरचं ऊन दोन्हींना सारखंच लागतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं थंड डिझेल गळ्यापर्यंत भरून गाडी मे महिन्यात उन्हात लावली आणि ते २० अंशांनी तापलं, तर ९० लिटरमागे साधारण दीड लिटर फुगतं. त्याला जागा ठेवा आणि ब्रीदर नीट बसवून घ्या. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टाकी स्वस्तात करून देणारे भेटतील, त्यांना हात जोडा. जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची वाट लावतं. पेट्रोल गाडीच्या बाबतीत माझं मत एका शब्दात: नको. पेट्रोल आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे आणि आपणच वेल्डिंग केलेल्या डब्यात पेट्रोल घेऊन फिरायचं, हे बरं दिसत नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किटला याच कलमात वाट ठेवलेली आहे, पण तिच्या आधाराने डिझेलची टाकी बसवता येत नाही. शिवाय गाडीचं वजन वाढतं: ४५ लिटर डिझेलचंच वजन ३७ किलोच्या आसपास होतं, टाकीचं वेगळं. आधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारा, मगच चेसिसला भोक पाडा.

मग मी हिशोब मांडला. माझ्या थारची टाकी ५७ लिटरची. जंगलच्या रस्त्यावर लिटरला ११ किलोमीटर धरले तरी सव्वासहाशेच्या घरात जाते. गडचिरोलीत टाकी फुल केली, तर भामरागडला जाऊन परत गडचिरोलीला येणं साडेतीनशे-पावणेचारशेत आटोपतं. मिस्त्रींना हे सांगितलं. त्यांनी खडूचं चित्र पायाने पुसलं आणि माझा डिझेल फिल्टर बदलून दिला.