मेझ, बेंजामिन एलायजा

(१ ऑगस्ट १८९४ – २८ मार्च १९८४). अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ, बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि अटलांटा येथील मोरहाउस कॉलेजचे सलग २७ वर्षे (१९४०–६७) अध्यक्ष. तिकडे कॉलेजच्या अध्यक्षाला आपल्याकडच्या प्राचार्याचे आणि संस्थाचालकाचे अशी दोन्ही कामे करावी लागतात. मेझ यांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवलेले बरे.

साउथ कॅरोलिनातल्या कापूस पिकवणाऱ्या कुटुंबात आठ भावंडांतले ते धाकटे. आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले. १८९८ च्या दंगलीत हत्यारबंद गोऱ्यांच्या जमावाने वडिलांना टोपी काढून वाकायला लावले. चार वर्षांच्या मुलाने पाहिलेले ते दृश्य पुढे त्यांच्या आत्मचरित्रात अगदी सुरुवातीला येते. मेन राज्यातील बेट्स कॉलेजमधून ते १९२० मध्ये पदवीधर झाले. रेल्वेच्या शयनयान डब्यांत सेवकाचे काम करणे, मोरहाउसमध्ये गणित शिकवणे अशी कामे करत शिकागो विद्यापीठातून त्यांनी १९३५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तोवर ते हॉवर्ड विद्यापीठाच्या धर्मशास्त्र शाखेचे अधिष्ठाता झाले होते.

१९३६ च्या अखेरीस वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या म्हैसूरच्या परिषदेसाठी ते भारतात आले, तेव्हा वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले. अल्पसंख्याकांना अहिंसा कशी पेलणार, हा त्यांचा प्रश्न होता. अल्पसंख्याक ती बहुसंख्याकांपेक्षा अधिक परिणामकारकपणे वापरू शकतात, असे उत्तर मिळाले. त्याच दौऱ्यात अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली. मेझ आधी चिडले. मग विचार केला, तेव्हा त्यांना ते पटले.

मोरहाउसची सूत्रे हाती आली तेव्हा संस्थेची परिस्थिती ओढगस्तीची होती. त्यात महायुद्धाची सैन्यभरती सुरू होऊन वर्ग ओस पडू लागले. तेव्हा शालेय शिक्षण पुरे होण्याआधीच हुशार मुलांना प्रवेश देण्याची वाट काढण्यात आली. १९४४ मध्ये याच वाटेने पंधरा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग कॉलेजात आला. फी वसुलीत मेझ इतके कडक, की मुलांनी त्यांना ‘बक बेनी’ (बक म्हणजे डॉलर) असे नाव पाडले होते. देणग्यांसाठी वणवण करून त्यांनी इमारती उभ्या केल्या आणि डॉक्टरेट झालेले अध्यापक आणले. पण माजी विद्यार्थ्यांच्या आठवणीत राहिली ती मंगळवारची प्रार्थनासभा. तिथे अध्यक्ष स्वतः बोलत. कायद्याने लादलेला भेद सोसावा लागला तरी तो मनाने मान्य करू नका, हे ते पुनःपुन्हा बजावत. किंग सभेनंतर गाठून त्यांच्याशी वाद घालत, आणि त्यातूनच दोघांची मैत्री झाली. १९५६ मध्ये अलाबामातील मॉन्टगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध चाललेल्या बहिष्काराचे नेते असलेल्या किंग यांच्यावर अटकेचे सावट असताना त्यांच्या वडिलांनी मुलाला तिथे परत जाऊ न देण्यासाठी अटलांटातली वडीलधारी मंडळी जमवली. त्या बैठकीत मेझ यांनी किंग यांच्या परतण्याच्या निर्णयाची पाठराखण केली.

निवृत्तीनंतर १९७० पासून ते अटलांटा शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते; त्या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय. त्यांची समाधी मोरहाउसच्या आवारातच आहे.

दोघांपैकी जो मागे राहील त्याने दुसऱ्याला निरोप देताना बोलावे, अशी त्यांची आणि किंग यांची इच्छा होती. ९ एप्रिल १९६८ रोजी खेचरांच्या गाडीतून किंग यांची शवपेटी मोरहाउसच्या प्रांगणात आली, तेव्हा श्रद्धांजलीचे भाषण करायला मेझ उभे राहिले. गुरू ७३ वर्षांचे होते, शिष्य ३९ वर्षांचा.