पावालाही तार सुटते

आषाढातली गोष्ट. मालवणच्या घरी आदल्या दिवशी घेतलेली पावाची लादी संध्याकाळी मोडली. वरून बघावं तर बुरा नाही की डाग नाही. आतला गाभा मात्र चिकट, पिवळसर. दोन तुकडे अलग करताना मधे कोळिष्टकासारखे बारीक धागे ताणले गेले. वास गोडसर, बरका फणस पिकून गळायला आल्यासारखा. उसळीला तार सुटते हे आपल्याला ठाऊक असतं. पावालाही सुटते, हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ते माहीत असायलाच हवं.

हे काम बॅसिलस जातीच्या जिवाणूंचं. ते मातीत असतात, पिठाबरोबर येतात. भट्टी कितीही तापलेली असो, पावाच्या गाभ्यात ओल आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांपलीकडे जात नाही. तेवढ्या आचेत बुरशी मरते, पण या जिवाणूंचे कवचबंद बीजाणू तगून राहतात. पुढे उबारा नि दमटपणा मिळाला की ते रुजतात आणि गाभ्यातला स्टार्च, प्रथिनं मोडायला लागतात.

बुरशीचं उलट आहे. ती भाजल्यानंतर हवेतून, सुरीवरून, हातावरून पावावर बसते. गरम पाव पिशवीत घालून गाठ मारली की आत वाफेचे थेंब धरतात आणि तिचं फावतं. आधी पांढरा कापूस दिसतो, मग हिरवा-काळा रंग. तेवढाच डाग खुडून बाकीचा पाव खाणं मला अजिबात मान्य नाही. मऊ, सच्छिद्र पावात तिचे तंतू डागाच्या पुढे पोचलेले असतात, आणि काही बुरशींची विषं तव्यावर भाजूनही जात नाहीत. असा पाव गाईपुढेही टाकू नका. अफ्लाटॉक्सिन हे असंच एक विष, ते खाण्यातून दुधात उतरतं.

नुसता कडक झालेला पाव मात्र शिळा असतो, नासलेला नव्हे. भाजताना पाणी पिऊन फुगलेले स्टार्चचे रेणू गार होताना पुन्हा एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि फ्रिजच्या थंडीत हे सगळ्यात झपाट्याने होतं. साधारण ६० अंशांपुढे तापवलं की ती पकड सुटते. म्हणून तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं, की पाव मऊ होतो. तो लगेच खावा, निवला की पुन्हा वातड होतो.

आज-उद्या संपणारा पाव पुरता निववून सुती फडक्यात गुंडाळावा. जास्तीचा लगेच फ्रीजरमध्ये टाकावा. फ्रीजर नसेल तर पावसाळ्यात मी फ्रिजमधला कडक पाव पत्करते.

तार सुटलेला पाव ज्या डब्यात होता, तो गरम पाण्याने धुवून व्हिनेगरने पुसून घ्यावा. आम्लात या जिवाणूंची वाढ खुंटते. आंबट पिठाच्या पावाला सहसा तार सुटत नाही, ती याचमुळे.