विळी, ग्रहण आणि अठ्ठावीस दिवस

ग्रहण लागलं की आमच्या सीमाभागात, निपाणीपासून खानापुरापर्यंत, पोटुशी बाईच्या हातातली विळी काढून घेतात. भाजी चिरली तर बाळाचा ओठ चिरतो म्हणे. दुभंगलेल्या ओठाचं बाळ जन्मलं की सगळं घर आठवायला बसतं, ग्रहणात हिनं काय कापलं होतं?

हिशेब मात्र जुळत नाही. बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या ४ ते ७ आठवड्यांत सांधला जातो, टाळू, म्हणजे तोंडाचं छत, साधारण नवव्या आठवड्यापर्यंत. पोट दिसायला लागल्यावर जे ग्रहण येतं, त्याला चिरायला तिथं काही उरलेलंच नसतं. सांधा बसायचा तो बसून गेलेला असतो, नाहीतर राहून गेलेला असतो.

असा ओठ किंवा टाळू जगात साधारण ७०० जन्मांत एकाला असतो. जन्मतः वाकडं पाऊल हजारात एकाला, हृदयाचा दोष हजारात आठ-नऊ जणांना. सगळे दोष धरले तर १०० बाळांत ३ ते ६. आकडा असा सैल का? कारण तो कधी मोजला यावर बराच अवलंबून असतो. फाटलेला ओठ सुईणीलाही दिसतो. हृदयातलं भोक कधी कधी पोरगं शाळेत जाऊन धापा टाकू लागल्यावर कळतं. ‘आमच्या काळी असलं नव्हतं’ हे आजीचं म्हणणं मला पटत नाही ते यामुळेच. चौथ्या दिवशी निळं पडून गेलेल्या बाळाचं हृदय तेव्हा तपासलं कुणी?

बहुतेक दोषांचं एकच असं कारण सापडत नाही, मग बोट आईकडे वळतं. जी कारणं ठाऊक आहेत, त्यातलं एक आपण लग्नपत्रिकेवर छापतो. मामाची नाहीतर आत्याची मुलगी करायची चाल आपल्याकडे आहे, मामा-भाचीचीही लग्नं होतात. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातल्या २०१३च्या अभ्यासात सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या संसारात दोषाचं प्रमाण सुमारे ३ टक्क्यांवरून ६वर गेलेलं दिसलं. म्हणजे दुप्पट, पण १०० पैकी ९४ बाळं तरीही धडधाकट, हेही तितकंच खरं. मामा-भाचीचं रक्ताचं नातं त्याहून जवळचं, म्हणून धोकाही जास्त.

दुसरी गोष्ट फॉलिक ॲसिडची, म्हणजे एका ‘ब’ जीवनसत्त्वाची. पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आशाताई येणार, गरोदर बाईचं सरकारी ‘ताई कार्ड’ निघणार (कन्नडमध्ये तायि म्हणजे आई, आपण त्याची ताई केली), गोळ्या मिळणार, तोवर नळी मिटलेली असते. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवं असं ठरलं तेव्हापासूनच हवी. आधीच्या बाळाला नळी नीट न मिटल्याचा दोष असेल तर डॉक्टर दहापट डोस देतात. १९९१च्या एका मोठ्या चाचणीत अशा बायकांमध्ये तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं.

बाळाचं पुढं काय होणार, हे दोष कोणता यासोबतच तो कधी हेरला गेला यावरही ठरतं. हृदयाचे काही गंभीर दोष पहिल्या दिवशी लपून राहतात, कारण पोटात असताना उघडी असलेली एक रक्तवाहिनी त्यांना सांभाळून घेत असते. ती दोन-चार दिवसांत मिटते आणि घरी गेलेलं बाळ अचानक निळं पडतं. २४ तासांनंतर उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला तर यातली बरीच बाळं घरी जाण्याआधीच सापडतात. मिनिटांचं काम आहे, सोडायच्या आधी विचारून घ्यावं.

वाकड्या पावलाचं उलट. ते पहिल्याच दिवशी दिसतं आणि बहुतेकदा मोठ्या ऑपरेशनशिवाय सरळ होतं. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाऊल थोडं वळवून नवं प्लास्टर घालतात, अशी पाच-सात प्लास्टरं. मग बहुतेकांची टाचेला स्नायू जोडणारी शीर बारीक छेद देऊन मोकळी करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून हे उपचार मोफत आहेत. खरी कसोटी त्यानंतर लागते. पट्टीला जोडलेले बूट तीन महिने जवळजवळ दिवसभर घालायचे, मग वयाच्या चार वर्षांपर्यंत रोज रात्री. पाय तर सरळ दिसतोय, पोर रडतंय, मग आजी मायेनं बूट काढून ठेवते, आणि वर्षभरात पाऊल पुन्हा आत वळू लागतं.