‘पंचगंगेला रेड अलर्ट’ असं काही नसतं

जुलै उजाडला की कोल्हापूर, शिरोळ, हातकणंगले पट्ट्यातल्या मोबाईलवर एक वाक्य हमखास फिरतं: ‘पंचगंगेला रेड अलर्ट, सतर्क राहा.’ त्यावर तारीख नसते, वेळ नसते, बहुतेकदा ते मागच्या पावसाळ्यातलंही असतं. त्यापुढची चूक जास्त महागात पडते. नदीची पातळी ३९ फूट म्हणजे ऑरेंज आणि ४३ फूट म्हणजे रेड, अशी जोडी अनेकांनी मनात पक्की करून ठेवली आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी असा काही संबंध नाही.

रंग पावसाचे. ते हवामान विभाग देतो, तेही येणाऱ्या दिवसांचा अंदाज म्हणून आणि जिल्ह्यासाठी किंवा घाटमाथ्यासाठी. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर हवामान विभाग त्याला अत्यंत मुसळधार म्हणतो. रंगांबद्दल एवढं माहीत असलं तरी पुरे, ते रोज टीव्हीवर दिसतातच.

पातळी नदीची, आणि तीही एका ठिकाणची. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५. हा अंदाज नाही, मोजपट्टीवर प्रत्यक्ष वाचलेला आकडा आहे. केंद्रीय जल आयोगाचे आकडे समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असतात, त्यामुळे ‘पाचशे काहीतरी’ असा आकडा दिसला की घाबरून तो ४३ शेजारी मांडू नये.

आता खरी मेख. पाऊस डोक्यावर पडतो, पाणी मात्र वरून येतं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीत धो धो कोसळत असताना शिरोळमध्ये लख्ख ऊन असू शकतं, आणि त्याच उन्हात पाणी चढत असतं. रेड अलर्ट मागे घेतला म्हणून पोरंबाळं घेऊन परत घरी येणारे नेमके इथे फसतात. रंग उतरला याचा अर्थ पुढचा पाऊस कमी आहे, एवढाच. आधी पडून गेलेलं पाणी ओढ्यानाल्यांतून अजून वाटेतच असतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे तर धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. नृसिंहवाडी, कुरुंदवाडकडे आणखी एक भानगड असते: पुढे कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा धरतं. तिथे कोल्हापूरची पातळी उतरायला लागली तरी घरातलं पाणी उतरेलच असं नाही. उलटही घडतं. जूनच्या सुरुवातीला जमीन कोरडी आणि धरणं रिकामी असतात, तेव्हा रेड अलर्टातसुद्धा नदी पात्राबाहेर येत नाही. मग लोक म्हणतात, ‘हवामानखात्याचं काही खरं नाही’, आणि पुढच्या वेळी कुणी लक्ष देत नाही.

म्हणून ४३ हा आकडा पाठ करून काही मिळत नाही. स्वतःच्या घराचा आकडा काढावा. २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पुराची खूण भिंतीवर उंबऱ्यापासून ४ फुटांवर असेल, तर साधारण ५२ ला पाणी उंबऱ्याला लागणार. हे गणित बंधाऱ्याच्या जवळच्या गावांपुरतं. लांबच्यांनी आपल्या जवळच्या बंधाऱ्याचा आकडा धरावा. तेवढ्यावरही भागत नाही, कारण उंबऱ्याच्या आधी रस्ता बुडतो. गावाबाहेर काढणाऱ्या रस्त्यावरचा सगळ्यात सखल ओढा किंवा मोरी किती फुटांना पाण्याखाली जाते ते जुन्या माणसांना विचारावं. निघायचं त्या आकड्याच्या २ फूट आधी.

वेळ किती उरला हेही पातळीच सांगते. तासाला ३ इंच चढत असेल तर ४ फुटांना १६ तास, तासाला १ इंच असेल तर दोन दिवस. पाणी पात्राबाहेर पसरलं की चढ मंदावल्यासारखा वाटतो; त्याला भुलू नये, तेव्हा एकेक इंच कितीतरी जास्त शिवार गिळत असतो. आणि कृपा करून फूट-इंचाचं दशांश करू नका. ४१'१०" म्हणजे ४१ फूट १० इंच. पुढे पाठवताना ते ‘४१.१०’ होतं, वाचणारा ४१.१ समजतो, आणि जवळजवळ ९ इंच पाणी कागदावरच जिरतं.

रंग बघून करायची कामं घरातली असतात: कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, मोबाईल आणि बॅटरी चार्ज, माणशी रोज ३ लिटर पिण्याचं पाणी धरून भांडी भरलेली, नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी वर काढलेल्या. पातळी बघून करायची ती हलवण्याची. जनावरं सगळ्यात आधी, कारण रस्त्यावर गुडघाभर पाणी आलं की म्हैस पुढे पाऊल टाकत नाही. मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, नाहीतर ते तरंगून निघून जातं. जनावर हलवणं शक्यच नसेल तर दावं तरी सोडावं. बांधलेलं जनावर जागच्या जागी बुडतं.

डोंगरउताराखालच्या वाड्यांना मात्र यातलं फुटांचं काही लागू नाही. तिथे दरडीची भीती, आणि दरडीला मोजपट्टी नसते. त्यांनी रंगावरच हलावं, रेड असेल तर रात्र पडायच्या आत. अंगणात नवी भेग, वाकलेला विजेचा खांब, एकाएकी गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, यातलं काहीही दिसलं तर रंग यलो असला तरी थांबू नये.